कवडशाची रेघ : एका गच्चीवरच्या वर्षभराच्या नोंदी

ठिकाण : पुणे. अक्षांश १८.५२° उत्तर, रेखांश ७३.८६° पूर्व.
काम : गच्चीवर एका भोकातून पडणाऱ्या कवडशाची मध्यान्हीची जागा वर्षभर दगडावर नोंदवणे.

८ डिसेंबर : जागा आणि नियम

ऊन सगळ्यांच्या ओळखीचं. गच्चीवर कपडे वाळतात, सोलरचं पाणी तापतं, दुपारी कठड्याच्या सावलीत मांजर झोपतं. पण ही सावली काल याच वेळी कुठे होती असं विचारलं, की बोट ठेवता येत नाही. ते बोट ठेवता यावं एवढ्यासाठी हा प्रकल्प. सामान मोजकंच : एक भोक, त्याखाली एक सपाट दगड आणि एक पेन्सिल.

नियम एकच ठरला आहे : आधी अंदाज, मग खूण. खूण करायच्या दिवशी जो गच्चीवर येईल त्याने कवडसा कुठे पडेल ते आधी खडूने दगडावर दाखवायचं, मग वाट पाहायची. नुसतं दाखवलेलं माणूस "हो का" म्हणून विसरतो. स्वतः लावलेला अंदाज चार बोटं चुकला की तो तिथे थांबतो आणि विचारू लागतो. म्हणून खडू पेन्सिलीइतकाच महत्त्वाचा.

जागा निवडताना दोन गोष्टी पाहिल्या. पहिली, दक्षिणेकडची आडकाठी. डिसेंबरात पुण्यात भर मध्यान्हीलाही सूर्य फक्त ४८ अंश वर असतो. पाण्याची टाकी किंवा जिन्याची खोली दक्षिणेला जवळ असली, तर नेमके हिवाळ्यातले दिवस हातचे जातात. दुसरी, गच्चीचा उतार. पावसाचं पाणी पन्हाळीकडे जावं म्हणून गच्चीला साधारण शंभरात एकचा ढाळ असतो. तो पायाला जाणवत नाही, पण ९०० मि.मी. अंतरावर जमीन ९ मि.मी. खाली जाते आणि डिसेंबरातला कवडसा तेवढ्यानेच सुमारे ८ मि.मी. लांब पडतो. म्हणून रेघ थेट गच्चीवर न ओढता वेगळा दगड पाणसळीत बसवायचा.

१४ डिसेंबर : साहित्य

दगड : पांढरा संगमरवर, १२०० × २५० मि.मी., जाडी १८. पॉलिश केलेली बाजू खाली ठेवायची. वर ठेवली तर मार्च ते मे या दिवसांत दगडाकडे बघवत नाही. काळा कडप्पा स्वस्त पडतो, पण त्यावर कवडशाची कड दिसत नाही आणि दुपारी हात ठेवता येत नाही.

भोकाचा पत्रा : छापखान्यातली जुनी ऑफसेट प्लेट, ॲल्युमिनियमची, जाडी ०.३ मि.मी., तुकडा २५० × २५०. इथे जाडीवर सगळं ठरतं. जाड पत्र्यात तिरपं ऊन भोकाच्या कडेला अडतं. ३ मि.मी. जाड पट्टीत ४ मि.मी.चं भोक पाडलं, तर डिसेंबरच्या मध्यान्हीला प्रकाशाला जेमतेम १.३ मि.मी. फट उरते आणि कवडसा चिरल्यासारखा दिसतो. पत्रा मोठा हवा, कारण कवडशाभोवती सावली असेल तरच तो उठून दिसतो.

भोक : ४ मि.मी. ड्रिलने पाडून मागची बूर, म्हणजे धातूची खरखरीत कड, कानशीने काढली. २ मि.मी.ने कडा रेखीव येतात, पण उघड्या गच्चीवर तो कवडसा फिका पडतो. १० मि.मी.ने झगझगीत गोळा मिळतो, पण त्याचा मध्य सापडत नाही.

स्टँड : २५ × २५ × ३ लोखंडी अँगल, रेड ऑक्साइडचे दोन हात. खांब दगडाच्या पश्चिमेला, २०० मि.मी. बाहेर, आणि पत्रा आडव्या हातावर. खांब दक्षिणेला उभा केला तर मध्यान्हीला त्याचीच सावली सबंध रेघेवर आडवी पडते. गच्चीला कुठेही भोक पाडलेलं नाही, वॉटरप्रूफिंग एकदा फुटलं की पावसाळ्यात खालच्या छताला डाग येतात. बुडाच्या दोन हातांवर काँक्रीटचे ठोकळे ठेवून भार दिला आहे.

उंची : दगडाच्या पृष्ठापासून भोकापर्यंत बरोबर १००० मि.मी. हा आकडा सोयीचा आहे. भोकाच्या थेट खालच्या बिंदूपासून कवडसा जितके मि.मी. दूर, त्याला हजाराने भागलं की सूर्य डोक्यावरून किती अंश कलला आहे त्याचा टॅन्जंट मिळतो, वेगळं गणित नाही. स्टीलच्या टेपचा पुढचा हूक जरा हलता असतो, त्यामुळे शून्यापासून न मोजता १०० च्या खुणेपासून ११०० पर्यंत मोजायचं.

भोकाखालचा बिंदू ओळंब्याने काढायचा आणि तो पहाटे. उन्हं चढली की गच्चीवर वारा सुटतो आणि ओळंबा स्थिर राहत नाही. हा बिंदू म्हणजे "पाय". पुढची सगळी मापं पायापासून.

एक सूचना पत्र्यावरच रंगवून ठेवली आहे : भोकातून सूर्याकडे बघू नये. बघायचं ते खाली, दगडावर.

१८ डिसेंबर : उत्तर शोधणे

होकायंत्र इथे कामाचं नाही. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत अंशभराचाही फरक नाही, पण स्लॅबमधल्या सळ्या आणि आपलाच लोखंडी स्टँड सुईला ओढतात. सुई चार पावलांवर वेगळी दिशा दाखवते.

त्याऐवजी शंकूची, म्हणजे उभ्या काठीच्या सावलीची, जुनी रीत वापरली. सूर्यसिद्धान्त या जुन्या खगोलगणिताच्या ग्रंथात दिशा काढायची हीच रीत दिली आहे. आठ बाय चार फुटी प्लाय पूर्व-पश्चिम लांब ठेवून पाचरींनी पाणसळीत आणला, त्यावर पांढरे कागद चिकटवले आणि पाय केंद्र धरून ११०० मि.मी. त्रिज्येचा कंस काढला. कवडसा सकाळी ११ च्या सुमारास कंस ओलांडून आत येतो आणि दुपारी २ नंतर पुन्हा बाहेर जातो. दोन्ही ठिकाणी खूण केली. त्या खुणा जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम आणि तिच्या मध्यापासून पायाकडे येणारी रेघ दक्षिणोत्तर. ती दोरीने ताणून दोन्ही कठड्यांवर रंगाने उतरवली, प्लाय उचलला आणि दगड त्या दोरीखाली बसवला. पायाच्या दक्षिणेलाही १५० मि.मी. दगड मोकळा ठेवला आहे. त्याचं कारण जूनमध्ये कळेल, आत्ता बघणाऱ्यांना ती जागा वाया गेल्यासारखी वाटते.

ही रीत डिसेंबर किंवा जूनमध्येच चोख चालते. या दिवसांत सूर्याची उत्तर-दक्षिण जागा जवळजवळ हलत नाही, म्हणून सकाळ-दुपार सारखी येते. मार्चमध्ये मात्र सकाळपासून दुपारपर्यंतच सूर्य कलेकलेने उत्तरेला सरकतो आणि रेघ तेवढी तिरपी पडते.

२१ डिसेंबर : पहिली खूण

आज सूर्य वर्षातला सर्वांत दक्षिणेला. पुण्याची खरी मध्यान्ह घड्याळात १२ वाजून ३३ मिनिटांनी. भारताची प्रमाणवेळ ८२.५° रेखांशाची, पुणे त्याच्या पश्चिमेला ८.६४° आणि दर अंशाला ४ मिनिटं. म्हणजे पुण्याचे बारा मुळातच सुमारे साडेचौतीस मिनिटं उशिरा वाजतात. त्यात तारखेप्रमाणे आणखी थोडी कमी-जास्त होते, ते फेब्रुवारीत बघू.

कवडसा : पायापासून ८९९ मि.मी. उत्तरेला. गणितही १८.५२ अधिक २३.४४, म्हणजे ४१.९६ अंशांचा टॅन्जंट, ०.८९९ सांगतं.

पण आजचा खरा प्रसंग आकड्याचा नव्हता. कवडसा रेघेवर यायच्या आधी दहा मिनिटं पेन्सिलीने त्याच्या कडेला खूण केली आणि नजर तिथेच ठेवली. तो सरकताना दिसतो. मिनिटाला ५.४ मि.मी., म्हणजे घड्याळाच्या मिनिट काट्यासारखा संथ, पण नजर रोखली की निश्चित जाणवणारा. साधारण दोन मिनिटांत आकाशातला सूर्य स्वतःच्या रुंदीएवढा पुढे जातो. अर्थात सरकत असतो तो दगड, दगडाखालची गच्ची, गच्चीखालची इमारत आणि तिच्याखालची पृथ्वी. पृथ्वी फिरते हे चौथीत पाठ केलेलं वाक्य. ते मिनिटाला ५.४ मि.मी. असं समोर आलं की बघणारे गप्प होतात आणि मग एकदम सगळे बोलू लागतात.

मध्य कसा धरायचा : कार्डावर एकात एक वर्तुळं काढून केंद्राला सुईने भोक पाडायचं. कार्ड कवडशाखाली सरकवून वर्तुळ जुळलं की सुईतून दगडावर टोचायचं. अंदाजाने मध्य धरला तर २-३ मि.मी. सहज चुकतं, कारण कवडशाची कड पुसट असते. ती कड भोकाच्या आकारामुळे आणि सूर्य बिंदू नसून थाळी आहे यामुळे पुसट होते, हात थरथरल्यामुळे नाही.

४ जानेवारी : आरसा, जिन्याच्या खोलीत

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते. थंडीत, होय. जुलैच्या सुरुवातीला सर्वांत दूर. दोन्हींत थाळीच्या आकाराचा फरक सुमारे ३.३ टक्के. एक मीटरवर तो दिसणं शक्य नाही, तिथे सूर्य फक्त ९.३ मि.मी.चा. म्हणून लांबी वाढवली.

हात आरशाचा तुकडा, त्यावर काळा कागद, कागदाला ५ मि.मी. भोक. आरसा गच्चीवर विटांत रोवून ऊन जिन्याच्या खोलीत वळवलं. दार ओढून फक्त फट ठेवली, पडद्यावर पांढरा ड्रॉइंग पेपर, आरशापासून १० मीटर. समोर ताटलीएवढा सूर्य उभा राहिला, सुमारे ९५ मि.मी. रुंद. हिशेब लक्षात ठेवायला सोपा : अंतराला १०७ ने भागलं की सूर्याची रुंदी. भोक गोल, चौकोनी, कसंही असो.

माप पट्टीने घेतलं तर फसतं, कड ५ मि.मी. पुसट आहे. कागदावर ९०, ९२, ९४, ९६ मि.मी.ची वर्तुळं आधीच काढून ठेवली आणि सूर्य कुठल्यात चपखल बसतो ते बघितलं. आज ९४ आणि ९६ च्या मध्ये. अंतर मात्र ५ सें.मी.पेक्षा जास्त चुकता कामा नये, नाहीतर अर्धा मि.मी. तिथेच जातो. पडदा किरणाला काटकोनात हवा, तिरपा असला की थाळी लांबट होते.

इथे कवडसा मिनिटाला ४० मि.मी. पळतो. वर्तुळात बसवायला फार वेळ मिळत नाही. एकाने आरसा धरायचा, दुसऱ्याने बघायचं. पातळ ढग आला तर तो थाळीवरून उलट्या दिशेने जाताना दिसतो. हे कुणी सांगितलं नव्हतं त्या मुलांनीच आधी ओळखलं.

१४ जानेवारी : संक्रांत

अंदाज घेतले. बहुतेकांनी खडूची खूण डिसेंबरच्या खुणेच्या उत्तरेला केली किंवा तिच्यावरच. उत्तरायण आजपासून, तर आजपर्यंत सूर्य दक्षिणेला जात असणार, असा सरळ विचार. कवडसा पडला ८३५ वर, डिसेंबरच्या खुणेच्या ६४ मि.मी. दक्षिणेला. सूर्य परत फिरून तीन आठवडे उलटले आहेत.

संक्रांत चुकीची नाही. ती सूर्याचा मकर राशीतला प्रवेश धरते, ऋतू धरत नाही. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा फार सावकाश डुलतो, त्यामुळे राशी आणि ऋतू एकमेकांपासून सरकत गेले. आज हे सरकलेलं अंतर, म्हणजे पंचांगातला अयनांश, सुमारे २४ अंश आहे. साधारण सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही दिवस एकच होते. दगडावरचे हे ६४ मि.मी. म्हणजे त्या सतराशे वर्षांची घसरण. आजच्या दिवसाला यापेक्षा चांगला तिळगूळ आम्हाला सुचला नाही.

११ फेब्रुवारी : १२ वाजून ४९ मिनिटं

कवडसा रेघेवर आला तेव्हा घड्याळात १२:४९. वर्षातली सर्वांत उशिराची मध्यान्ह. डिसेंबरपेक्षा १६ मिनिटं मागे. अंतर ६४० मि.मी.

कारणं दोन, आणि ती एकमेकांत मिसळतात. पृथ्वीचा मार्ग लंबगोल आहे, त्यामुळे जानेवारीच्या आसपास ती जोरात धावते. शिवाय तिचा अक्ष कललेला असल्याने सूर्याची वर्षभराची वाट विषुववृत्ताला तिरपी आहे. घड्याळ सरासरीवर चालतं, सूर्य चालत नाही. संक्रांत उलटली तरी सकाळी अजून अंधार का, हा घरोघरी विचारला जाणारा प्रश्न इथेच सुटतो : दिवस मोठा होत असतो, पण सबंध दिवसच घड्याळात पुढे ढकलला जात असतो. पुण्यात सर्वांत उशिराचा सूर्योदय म्हणूनच डिसेंबरात न येता जानेवारीच्या मध्यानंतर येतो.

आजपासून दुसरी खूणही सुरू. मध्यान्हीची वाट न बघता रोज घड्याळात बरोबर १२:३५ ला कवडसा जिथे असेल तिथे लाल ठिपका. आज तो रेघेच्या ६९ मि.मी. पश्चिमेला. घड्याळ मोबाइलचंच वापरायचं. भिंतीवरचं घड्याळ मिनिटभर चुकलं तरी ठिपका ५ मि.मी. सरकतो.

२० मार्च : सरळ रेघ

विषुवदिन. प्लाय पुन्हा बाहेर काढला, पाणसळीत आणला. पायही प्लायवर उतरवला आणि भोकाची उंची प्लायच्या पृष्ठापासून पुन्हा १००० केली. हे विसरलं की १९ मि.मी.च्या प्लायमुळे सगळे आकडे दोन टक्के कमी येतात. सकाळी साडेनऊपासून दर पंधरा मिनिटांनी खूण, दुपारी पावणेचारपर्यंत. मग पहिल्या आणि शेवटच्या खुणेवर दोरी ताणली. सगळ्या खुणा दोरीखाली गेल्या.

हे बघायला वर्षातून दोनच दिवस मिळतात. डिसेंबरात हीच वाट उत्तरेकडे वळलेली कमान असते, जूनमध्ये दक्षिणेकडे. आज ती वळायचं विसरते. आज सूर्य विषुववृत्ताच्या पातळीत फिरतो, ती पातळी भोकातून जाते आणि दोन पातळ्या एकमेकींना छेदतात ती सरळ रेघेतच. वहीत हे एका ओळीत लिहून होतं. दोरीखाली एकेक खूण नाहीशी होताना बघायला मात्र सगळी दुपार द्यावी लागते, आणि ती द्यावीच.

मध्यान्ह १२:४२. कवडसा ३३५ मि.मी. टॅन्जंट ०.३३५ चा कोन १८.५२ अंश, म्हणजे आपला अक्षांश. एक मि.मी. चुकला तर साधारण ५.७ किलोमीटरची चूक. पत्रा, दगड आणि ओळंबा एवढ्यावर माणूस पृथ्वीवर कुठे उभा आहे ते सहा किलोमीटरच्या आत सांगता येतं.

याच मापाला पंचांगात पलभा म्हणतात : बारा अंगुळांच्या शंकूची विषुवदिनाच्या मध्यान्हीची सावली. पुण्याची पलभा ०.३३५ गुणिले १२, म्हणजे चार अंगुळं. लीलावतीत भास्कराचार्यांनी छायाव्यवहार असं सबंध प्रकरणच सावलीच्या गणिताला दिलं आहे. आजच्या दगडावरचा आकडा त्याच कुळातला.

कुणाला जोडीदार गच्ची मिळाली तर पृथ्वीचा घेरही मोजता येईल. आजच्या दिवशी पणजीत हा कवडसा २७७ वर पडेल, नागपुरात ३८७ वर. कोनांतला फरक ५.६६ अंश, दक्षिणोत्तर अंतर ६२६ किलोमीटर. ६२६ ला ३६० ने गुणून ५.६६ ने भागा. उत्तर ३९,८०० च्या आसपास येतं, ध्रुवांवरून मोजलेला घेर सुमारे ४०,००८ आहे. दोन्ही ठिकाणी आपापल्या मध्यान्हीला माप घ्यायचं, म्हणजे पूर्व-पश्चिम अंतर हिशेबात धरावं लागत नाही. शहरं जवळची घेऊ नयेत. पुणे आणि कोल्हापूर यांत पावणेदोन अंशांच्या थोडं वरच फरक आहे, तिथे एका मि.मी.ची चूक घेर हजारभर किलोमीटरने बदलते.

५ एप्रिल : झाडाखाली

दगडाला सुटी. आज खाली, कडुनिंबाच्या सावलीत. पानांच्या फटी त्रिकोणी, चिरलेल्या, वेड्यावाकड्या. जमिनीवरचे कवडसे गोल. रोज यावरून चालत जातो. प्रत्येक कवडसा हे सूर्याचं चित्र आहे.

खात्री करायला कार्डाला ३ मि.मी.ची तिकोनी फट पाडायची. जमिनीपासून २ सें.मी.वर धरली की कवडसा तिकोनी, वर नेत नेत मीटरभर नेली की गोल. बदल कुठल्या उंचीला होतो हे बघण्यासारखं आहे.

आता माप. सूर्य तिरपा असला की कवडसा लंबगोल पडतो. त्याची अरुंद बाजू मोजायची आणि १०७ ने गुणायचं : फटीपासून जमिनीपर्यंतचं तिरपं अंतर मिळतं. अरुंद बाजू ५० मि.मी. असेल तर ती फट ५.३ मीटरवर आहे. अरुंद बाजूला लांब बाजूने भागलं की सूर्याच्या उंचीचा साइन मिळतो. दोन्हींचा गुणाकार म्हणजे फटीची उभी उंची. झाडावर न चढता, टेपने फक्त जमीन मोजून. अट एवढीच की कवडसा फिका, पुसट कडांचा घ्यावा. ठळक असेल तर फट मोठी आहे आणि तिचा आकार कवडशात मिसळला आहे, मग उंची जास्त येते. दोन फटींचे कवडसे एकमेकांत मिसळलेलेही टाळावेत.

१५ एप्रिल

मध्यान्ह १२:३५, लाल ठिपका आणि मध्यान्हीची खूण एकाच जागी. अंतर १५४.

१३ आणि १४ मे : शून्य सावली

१३ ला १२:३१ वाजता कवडसा पायाच्या उत्तरेला २ मि.मी. १४ ला दक्षिणेला २ मि.मी. सूर्य पुण्याच्या डोक्यावरून या दोन दुपारींच्या मध्ये कधीतरी उत्तरेला गेला. म्हणून "नेमका कोणता दिवस" यावर वाद घालण्यात अर्थ नाही. सूर्याची थाळी अर्ध्या अंशाची आणि रोजचा सरक पाव अंशाचा, त्यामुळे दोन्ही दिवशी डोळ्याला सावली शून्यच दिसते.

बघायचं काय : ५० मि.मी.ची एक मीटर पीव्हीसी नळी ओळंब्यात उभी केली तर १२:३१ ला ऊन थेट तळाला पोचतं आणि चारही कडांना सारखी उजेडाची कड दिसते. नळी अर्धा अंश जरी कलली तरी तळाचा उजेड बाजूला सरकतो, म्हणून आधी पाणसळ लावून घ्यावी. तांब्या, पेला, बादलीची कडी, सगळ्यांच्या सावल्या त्यांच्याच खाली जातात. उभ्या माणसाची सावली मात्र शून्य होत नाही, ती खांद्यांएवढी पायाशी गोळा होते. ज्यांना सावली गायब होईल असं वाटलं होतं त्यांना हे आधी सांगायला हवं. जुन्या वाड्यात आड असेल तर आज तळाच्या पाण्यात सूर्य उतरतो. वाकून त्या पाण्यातल्या सूर्याकडे मात्र बघू नये, ते चकाकणारं प्रतिबिंबही डोळ्याला घातक आहे.

हा दिवस सगळ्या महाराष्ट्राला मिळतो आणि गावोगाव चालत येतो. मेच्या सुरुवातीला गोवा आणि सावंतवाडी, ६-७ ला कोल्हापूर, १०-११ ला सोलापूर, मग आपण, १५-१६ ला मुंबई, २० च्या सुमारास नाशिक, २६ च्या सुमारास नागपूर. या पंधरवड्यात ती रेषा रोज सुमारे २७ किलोमीटर उत्तरेला जाते, म्हणजे चालत्या माणसाच्या एका दिवसाच्या मजलेएवढी. मेच्या शेवटी तिची चाल मंदावते. कर्कवृत्ताच्या पलीकडे ती जातच नाही, म्हणून दिल्लीकरांना शून्य सावली कधीच नाही. इथल्या उन्हाला आपण नावं ठेवतो, पण या बाबतीत आपण नशिबाचे धनी आहोत.

आरशाचा प्रयोगही उरकून घेतला, कारण जुलैत सूर्य मिळायचा भरवसा नाही. १० मीटरवर थाळी आज ९२ च्या वर्तुळात बसते. जानेवारीपेक्षा लहान. चाळीस अंशांच्या उन्हात उभं राहून सूर्य दूर गेल्याचं मोजता येतं, कारण उन्हाळा अंतरावर ठरत नाही, तिरपेपणावर ठरतो.

२१ जून : पायाच्या दक्षिणेला

पाऊस मधेच थांबून ऊन मिळालं. १२:३६. कवडसा पायाच्या ८६ मि.मी. दक्षिणेला. मोकळी ठेवलेली जागा आता कामाला आली. मध्यान्हीचा सूर्य उत्तरेला आहे हे पाहायला पत्र्याची गरज नाही : उत्तरेच्या खिडकीच्या गजांवर ऊन आहे आणि दक्षिणेची भिंत सावलीत. तरी अंदाज लावणाऱ्यांनी खडू उत्तरेलाच टेकवला. सूर्य "दक्षिणेकडून" येतो हे मनात फार घट्ट बसलेलं असतं.

जुलै, ऑगस्ट

ढग. जुलैच्या अखेरीला सूर्य दुसऱ्यांदा डोक्यावरून दक्षिणेला गेला, पण पुण्याने तो बघितला नाही, बहुतेक वर्षी बघत नाहीच. दगडावर शेवाळ येतं, ते नायलॉनच्या ब्रशने साफ करावं. ॲसिड लावलं तर संगमरवर खातं. पेन्सिलच्या खुणा पावसात टिकत नाहीत, म्हणून जूनआधीच प्रत्येक खुणेला ४ मि.मी. खोल बारीक भोक पाडून पितळेची तार इपॉक्सीने बसवली होती. त्या शाबूत आहेत. स्टँडच्या वेल्डिंगला गंज, पुन्हा रंग.

२२ सप्टेंबर

१२:२७, अंतर ३३५. मार्चच्याच खुणेवर, पण पंधरा मिनिटं आधी. जागा तीच, वेळ वेगळी. हे एकदा बघितलं की लाल ठिपक्यांची इंग्रजी आठासारखी आकृती का तयार होते ते समजायला चित्र लागत नाही.

३ नोव्हेंबर : आठ

१२:१८. वर्षातली सर्वांत लवकरची मध्यान्ह, फेब्रुवारीच्या ३१ मिनिटं आधी. १२:३५ चा लाल ठिपका आज रेघेच्या ८५ मि.मी. पूर्वेला. ठिपके जोडले की लांबट आठ दिसतो : उत्तरेला मोठा फुगा, दक्षिणेला लहान, गाठ पायापासून सुमारे १६५ मि.मी.वर, एप्रिलच्या मध्याच्या आणि ऑगस्टच्या शेवटच्या ठिपक्यांच्या जागी. लहान फुग्याची परतीची बाजू पावसाने खाल्ली आहे. ती गणिताने भरायची नाही असं ठरलं. मोकळी जागा पुढच्या वर्षीच्या उघडिपीसाठी राखलेली आहे. आजपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतचे ठिपके राहिले आहेत, ते यापुढे.

उरलेलं काम : तारखा पाथरवटाकडून कोरून घेणे, उंची आणि ओळंबा पुन्हा तपासणे (वर्षात पाय १ मि.मी. सरकला असेल तर आठ वाकडा दिसेल, आणि दोष सूर्याला लागेल), आणि २ ऑगस्ट २०२७ च्या खंडग्रास सूर्यग्रहणाची तयारी. ते महाराष्ट्रातून दुपारी उशिरा, सूर्य पश्चिमेला कललेला असताना दिसेल. तिरप्या उन्हाला आडवा पत्रा चालणार नाही, तो उभा करून सूर्याकडे तोंड करावा लागेल आणि पडदा भिंतीवर. ढगांत दोन मिनिटांची उघडीप मिळाली तरी पुरे. हाताशी स्वयंपाकघरातला झारा ठेवायचा, त्याच्या प्रत्येक भोकातून एकेक ग्रासलेला सूर्य भिंतीवर पडेल.